परसातली वांगी उपटली, वहिनी

वहिनी, तू असतीस तर मला हात लावू दिला नसतास. काल तुझ्या तेराव्याच्या पंगती बसायच्या आधी मी परसात गेलो आणि ती वाळलेली वांगी मुळासकट उपटली. सगळी वाडी ओटीवरून बघत होती. मी एकटा नव्हतो. सोबत कोण होतं ते शेवटाला सांगतो. आधीच सांगितलं तर तू पुढचं ऐकणार नाहीस, पदर खोचून चुलीकडे निघून जाशील.

तू गेल्यापासून येणारा प्रत्येक माणूस तुझ्या हाताबद्दल बोलतो. इंदूनं काठी खोचली तरी तिला पालवी यायची, म्हणतात. मी मान हलवतो, कारण ते खरं आहे. पण एका गोष्टीची मला तुझी लाज वाटते, वहिनी. तू गेलीस म्हणून ती कमी झाली नाही. आणि जिची राखसुद्धा अजून पुरती निवली नाही तिची लाज वाटावी, याची वेगळी लाज. दादाला हे बोलून दाखवता येत नाही. तू म्हणायचीस, "तुमाला बोलायला जमत नाय भावजी. बोललात की भांडान होतं. तुम्ही आपले लिवा." म्हणून लिहितोय.

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. दादा मुंबईला आणि तू नुकती लग्न होऊन आलेली, आंबेनळी घाटाच्या खालच्या वाडीतली पोर. चौथीतल्या दिराला तू अहोजाहो करायचीस. माझं नाक पुसताना सुद्धा "भावजी, शिंकरा" म्हणायचीस, आणि मी तुला अरेतुरे. लोक हसायचे. मी महाडच्या कॉलेजात गेलो, आपल्या घरातला पहिला, आणि बीएस्सी झालो त्या दिवशी तू पेढे वाटले नाहीस. मिरचीची रोपं वाटलीस घरोघर. "पेढा काय, खाल्ला की गेला," म्हणालीस. पुढे कितीतरी वर्षं वाडीत त्या जातीला 'बीएस्सीची मिरची' म्हणत होते. माझी इतकी चांगली जाहिरात कुणी केली नाही. पोलादपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हाही तू हेडमास्तरांसाठी पानात बांधून वांग्याची रोपं दिली होतीस, आणि एसटीत ती मांडीवर घेऊन बसताना मला कसंनुसं झालं होतं. हेडमास्तर अजून त्या वांग्यांची आठवण काढतात.

आपल्याकडे रोपं विकत नाहीत, मोजत नाहीत. घेणारा पुरे म्हणत नाही. भात कापून झालं की तू वाफ्यातून रोपं काढायचीस, मुळाची माती तशीच ठेवून सागाच्या पानात जुडी बांधायचीस. कुणी माती झटकायला गेलं की ओरडायचीस, "झटकू नको गो! आपल्या मातीसंगती जाऊ दे. परक्या घरात एकटं कसं ऱ्हाईल?" मला वाटायचं, हे तू रोपाबद्दल बोलत नाहीस, स्वतःबद्दल बोलतेस.

आणि पहिली जुडी पारूकाकीची. तुझ्याच माहेरच्या वाडीतली, तुझ्याच वयाची. पण लग्न झालं ते आमच्या चुलत काकाशी, म्हणून नात्यानं ती तुझी सासू. केवढी थट्टा चालायची तुमची! "सासूबाय, जरा सरका," तू म्हणायचीस. "सून हाय का कोन हाय," ती म्हणायची, "ल्हानपनी माझ्याच वेणीला धरून झाडावर चढायची ती ही." काका गेले, पोरगा-सून मुंबईला राहिले, आणि ती एकटी झाली तशी तुझ्याच चुलीशी जास्त बसायला लागली. आपलं परसू घराच्या बाजूला, ओटीवरून दिसणारं, आणि तिचं त्याच्या खालच्या अंगाला. आपल्या विहिरीचं पाणी आपल्या वाफ्यांतून पुढे तिच्या वाफ्यांत जातं. मधे कुंपण कधीच घातलं नाही.

यंदा तिची वांगी आधी गेली. फुलावर आलेली झाडं दुपारी मान टाकू लागली. ती आपल्याकडे आली, तुझ्या वाफ्याशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझी काय झोकात हायत गो इंदे. माझी बग, उभ्या उभ्या गेली." एवढंच. मी ओटीवर पेपर तपासत बसलो होतो, मी ऐकलं. त्यात दुःख होतं, हेवा नव्हता. आणि थोड्याच दिवसांत आपलीही माना टाकायला लागली.

तू पाणी वाढवलंस. "तहान लागलीय त्यांना." मी म्हणालो, तहान असती तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर झाडं उठून उभी राहिली असती. सकाळीसुद्धा ती पडलेलीच आहेत. माती ओली आहे, पानं हिरवी आहेत, पिवळं एक पान नाही, आणि झाड मेलंय. हे तहानेचं लक्षण नव्हे. पाणी थांबव. तू ऐकलं नाहीस. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत राहिलीस, आणि एकेक झाड त्या पाण्याच्या वाटेनंच खाली बसत गेलं.

मग एका सकाळी विहिरीवर, पाच-सहा बायांच्या समोर, तू ते बोललीस. मी तिथं नव्हतो. वाडीतल्या शेवंताकाकीनं मला येऊन सांगितलं, मोठ्या चवीनं, "मास्तर, इंदू सांगत व्हती, पारूनं नजर लावलान म्हनून वांगी गेली." मी घरी आलो तेव्हा तू सुपात तांदूळ घेऊन बसली होतीस.

"वहिनी, तू असं बोललीस?"

"मी काय खोटं बोलले? तिनं बगितलंन आनि चारच दिसांत गेली."

"तिची आधी गेली होती. मग तिला कुणाची नजर लागली?"

तू सूप आपटलंस. "तुमचं कालेज तुमच्यापाशी ठेवा भावजी."

त्या दिवशी मी चिडलो. चिडलो की मला पुस्तकच आठवतं, दुसरं काही येत नाही. परसातून एक झाड उपटून ओटीवर आणलं आणि तुला समोर बसवलं. बुंध्याशी पांढरी बुरशी आहे का, मोहरीसारखे दाणे आहेत का, ते दाखवलं. नव्हते. मुळांना गाठी आहेत का बघितलं. नव्हत्या. मग विळीवर खोड आडवं कापलं. आत साल आणि गाभ्याच्या मधे तपकिरी कडं होतं. चहाचा काचेचा ग्लास घेतला, स्वच्छ पाणी भरलं, आणि खोडाचा कापलेला तुकडा पाण्यात टेकेल असा वरून धरला. "बघत राहा," म्हणालो.

तुझ्या डोळ्यांसमोर त्या तुकड्यातून दुधाच्या धाग्यासारखं काहीतरी खाली उतरायला लागलं. धुरासारखं, पण खाली जाणारं. थोड्या वेळानं ग्लास पेजेच्या निवळीसारखा गढूळला.

"हे काय हाय?" तू विचारलंस. आवाज एकदम बारीक झाला होता.

"रोग. जिवाणू आहेत, डोळ्यांना सुटे दिसत नाहीत. मातीतून मुळात शिरतात, झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवतात. म्हणून माती ओली असून झाड तहानेनं मरतं. याला औषध नाही. बाजारात कुणी बाटली दिली तरी घेऊ नको. झाडं मुळासकट काढायची, खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत, जाळायची. तिथं तीन-चार वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो काही नाही. मका लाव, चवळी लाव."

"आला कुठनं?"

ते मला आजही सांगता येत नाही. तळीयेवर दरड आली त्या पावसात सावित्री नदीचा गाळ आपल्या परसात येऊन बसला होता, आणि त्यानंतर वांगी कशी माजली होती ते तुला आठवत असेल. गाळातून आला असेल. आधीपासून असेल. पण पुढे कुठून कुठे गेला ते दिसत होतं. वरच्या वाफ्यातून पाण्याबरोबर खाली. आणि तू दिलेल्या जुडीच्या मुळाशी जी माती होती, तिच्यातून. पारूकाकीची जागा सखल, पाणी साठणारी, म्हणून तिच्याकडे तो आधी उठला.

मी हे सगळं एका दमात बोलून टाकलं. वर्गात बोलतो तसं. तू ग्लास आपल्याकडे ओढलास. मग म्हणालीस, "म्हंजे माझ्या हातानं गेला."

मी म्हणालो, "हाताचा काय संबंध? मातीचा आहे."

"लोकं माती बोलतील का? हातच बोलतील." आणि पुढे तू म्हणालीस, "सगळ्या वाडीला मी रोपं दिलीत. माझ्या म्हायेरी दिलीत. तिची नजर नाय असं सांगितलं, तर मग माझीच नजर झाली ना भावजी?"

तू ग्लास उचललास, राखेनं घासलास, पुन्हा घासलास, आणि फळीच्या कोपऱ्यात उपडा ठेवलास. त्यात नंतर कधी चहा दिला नाहीस. म्हणजे तुला पटलं होतं. पटलं नसतं तर तू तो ग्लास बाजूला ठेवला नसतास. वहिनी, तू अडाणी असतीस, तुला कळलंच नसतं, तर मला तुझी लाज वाटली नसती. तुला कळलं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी विहिरीवर गेलो आणि ग्लासात दिसलेलं सगळ्यांसमोर सांगितलं, की हा मातीतला रोग आहे, नजरेबिजरेचा नाही, पारूकाकीचा काही दोष नाही. शेवंताकाकी म्हणाली, "मास्तर, गिलासात चुना टाकलान तर पन पानी असंच व्हतं." बाया हसल्या. मीही तिला तोंडावर सांगितलं, की चुना टाकून दाखव, मी समोर बसतो. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तुझ्याकडे बघत होत्या. तू दोराला हात लावून उभी होतीस. तू एक शब्द बोलायची सगळे वाट बघत होते. 'भावजी बोलतात ते खरं हाय.' एवढं. पारूकाकी आपली कळशी घेऊन पायरीवर होती, तीही तुझ्याकडेच बघत होती. तू बादली विहिरीत सोडलीस.

तो बादलीचा आवाज माझ्या कानात आहे.

त्यानंतर काय झालं ते तू बघितलंस. शेवंताच्या सुनेनं पारूकाकी वाटेनं येताना दिसली तसं बाळ पदराखाली घेतलं. वाल काढायला सगळ्यांना बोलावणी गेली, तिला नाही. कुणी वाफ्यावर जुनं लुगडं टाकून रोपं झाकली. मग तिनं वाडीतली वाटच सोडली, मागच्या ओढ्याच्या, पऱ्ह्याच्या काठानं जायला लागली. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती वाट दिसते. तू त्या खिडकीला पोत्याचा पडदा लावलास. थंडी येते म्हणालीस.

मी रोज तुझ्या मागे लागायचो. जा, तिला सांग. "सांगीन." कधी? "पौर्णिमा होऊ दे." पौर्णिमा झाली. "संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाते ना." संक्रांतीला तू सगळीकडे गेलीस, तिच्या दारावरून दोनदा गेलीस. बरं, निदान ती वाळलेली झाडं उपटू दे मला, म्हटलं. तेही नाही. "ऱ्हाऊ दे. बुडातनं फुटतील." फुटणार नव्हती हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. उपटली असती तर वाडीला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मेलेली झाडं तू उभी ठेवलीस, आणि रोग खाली मातीत वाढत राहिला.

एकदा मला चांगली युक्ती सुचली होती आणि मी उत्साहानं सांगायला आलो होतो. भाताच्या रोपांसाठी आपण राब भाजतोच, पाला आणि शेणी पसरून जमीन जाळतो. तशीच थोडी माती भाजून घ्यायची, परसातली नव्हे, वरच्या उताराच्या वरकस जागेची, जिथं कधी वांगं लागलं नाही तिथली. ती पानाच्या द्रोणात भरायची आणि त्यात रोपं करायची. म्हणजे तुला आपल्या मातीसकट रोपं देता येतील, आणि रोग जाणार नाही. तू चूल फुंकत होतीस. थांबून ऐकलंस. डोळ्यांत धूर होता की काय होतं ते मला कळलं नाही. म्हणालीस, "फुडल्या वर्षी करू." त्या 'करू'मध्ये मला फार आशा वाटली होती, वहिनी. मला वाटलं, द्रोणातली पहिली जुडी घेऊन तू पऱ्ह्याच्या वाटेनं तिच्याकडे जाशील. तुझं तोंड उघडायला तुला हातात काहीतरी लागतं, रिकाम्या हातानं तुला कुणाकडे जाता येत नाही, हे मी लहानपणापासून बघितलं आहे.

माघात तू परसातच पडलीस. आधी तुझी वाचा गेली आणि मग तू. महाडच्या दवाखान्यात मी तुझ्या उशाशी होतो. दादा अजून रस्त्यात होता. मी तुझ्या कानाशी वाकून विचारलं, "पारूकाकीला आणू का?" तू माझ्याकडे बघितलंस आणि डोळे मिटलेस. त्याचा अर्थ मला लागला नाही. हो म्हणालीस की नको? मी वाट बघत बसलो तू पुन्हा उघडशील म्हणून. उघडलेस, पण मला ओळखलं नाहीस.

तुला नेताना ती आपल्या दारात उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती, माणूसभर. आणि माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, हळू, पण मला ऐकू येईल इतकं, "आधी वांगी, मंग बाय." मी मागे वळलो. सगळ्यांनी खाली बघितलं. वहिनी, तू पेरलेलं होतं ते. तू गेलीस आणि त्याला तुझाच देह आधाराला मिळाला. तू असताना ती फक्त वांग्यांची गुन्हेगार होती.

भावकीला तेराव्याचं बोलावणं लागत नाही, भावकी येतेच. काल सगळे आले. पारूकाकी आली नाही. दादा म्हणाला, "येईल रे." माझी बायको भाताच्या टोपाशी होती, तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी चपला घातल्या आणि पऱ्ह्याच्या वाटेनं गेलो, कारण आता तीच तिची वाट.

ती पडवीत चवळी निवडत बसली होती. बघितलंन, पण उठली नाही.

"चल काकी. पानं मांडायचीत."

"मी आले तर लोकं पानं झाकतील. कशाला तुझा खोळंबा?"

"झाकू देत."

ती चवळीतले खडे काढत राहिली. मग हात थांबवून विचारलंन, "शेवटाला माझं नाव काढलान का तिनं?"

मला हो म्हणता आलं असतं. दवाखान्यात फक्त मीच होतो, कोण विचारणार होतं? तुझी अब्रू वाचली असती, तिचंही मन निवलं असतं. जीभ वळत होती. पण म्हटलं, एवढे दिवस हिला खोट्यानं जाळलं, आता वर आणखी एक खोटं नको, गोड असलं तरी.

"नाही काकी. वाचाच नव्हती. मी तुझं नाव काढलं. आणू का विचारलं. तिनं डोळे मिटले. त्याचा अर्थ मला कळला नाही."

पारूकाकीनं हातातली चवळी खाली ठेवली. "डोळं मिटलान?"

"हो."

"घट्ट?"

मी आठवून बघितलं. "हो. घट्ट."

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "चोरलेल्या कैऱ्या सापडल्या की अशीच करायची रे ती. माझी आय छडी घेऊन यायची, मी पळायची, आनि ही तिथंच उभी. डोळं घट्ट मिटून. आपल्याला दिसत नाय म्हंजे कुनालाच दिसत नाय." पदरानं नाक पुसलंन. "कळलं मला." मग तोंड एकदम कठीण करून म्हणाली, "पन बोलायला पायजे व्हतं तिनं. विहिरीवर. मी कळशी घेऊन उभी व्हते रे."

तुझ्या वतीनं माफी मागावी असं मनात होतं, पण ती मी मागून भागणारी नव्हती. मी म्हटलं, "काकी, वांगी अजून उभीच आहेत. उपटायचीत. एकट्यानं होणार नाही." खरं तर एकट्यानं सहज झालं असतं. ती उठली.

आम्ही वाडीतल्या वाटेनं आलो, पऱ्ह्याच्या नाही. ती पुढे, मी मागे. ओटीवरची बोलणी थांबली. शेवंताकाकीनं नातवाला मांडीवर ओढलंन. पारूकाकी कुणाकडे न बघता थेट परसात गेली, पदर खोचलान आणि पहिलं झाड उपटलंन. मातीसकट मूळ वर आलं, काळं पडलेलं. मी दुसरं उपटलं. दादा ओटीवरून म्हणाला, "अरे, आज कशाला? लोकं जेवायची थांबलीत." मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दादा, हा रोग आपल्या मातीतला आहे. आपल्याकडून खाली गेला. काकीच्या परसात आपणच घातला. आज हिच्या हातानं निघू दे." कुणी हसलं नाही या वेळी. शेवंताकाकीसुद्धा नाही. पटलं असं मी म्हणणार नाही. बघत होते एवढं खरं.

सगळी झाडं एका बाजूला रचली, ओली मुळं सुकल्यावर जाळायला. पारूकाकीनं हात झाडले, घराकडे निघाली, आणि दोन पावलं जाऊन थांबली. पायांकडे बघितलंन. घोट्यापर्यंत आपली माती.

"मास्तर, ही माती अशीच घेऊन गेले तर परत माझ्याकडं येईल ना रे?"

"येईल. धुवायला हवी."

"मंग पानी आन."

मी घरात गेलो. तांब्या भरला. बाहेर आलो तेव्हा ती मागच्या दगडाशी गेली नव्हती. पुढच्या दारात, पायरीवर उभी होती, जिथं आपण पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालतो तिथं. साडी घोट्यावर धरून. मी खाली वाकलो आणि पाणी घालायला लागलो. रोगाची माती दोन्ही पायांवरून निघून पायरीवरून वाहत गेली, अंगणात मांडलेल्या दादाच्या पानापर्यंत पोचेल असं वाटलं, पण तिथवर गेली नाही. माझी बायको आतून दुसरा तांब्या घेऊन आली. मग दादा उठला, त्याच्या शेजारचं पान त्यानं हातानं सरळ केलं आणि म्हणाला, "काकी, बस." ती बसली. शेवंताकाकी जागची उठली नाही, आणि नातू मांडीवरून उतरून रांगत रांगत पुढे गेला तरी त्याला तिनं मागे ओढलं नाही.

चवळीचं बी काकीनं आणलं होतं, साडीच्या ओच्यात, राखेत घोळलेलं. जेवण झाल्यावर ते माझ्या हातात दिलंन. वांग्याच्या जागेत पेरायचं. पुढच्या हंगामाला मी राब भाजलेल्या मातीचे द्रोण करणार आहे, तुझ्या बियांची वांगी त्यात लावणार आहे, आणि पहिली जुडी कुणाची ते तुला सांगायला नको. तुझा हात चांगला होता, वहिनी. माझ्या अंगात जे काही ताठ आहे ते तू वाढवलेलं आहे. म्हणूनच काल तांब्या धरून वाकलो तेव्हा खाली बघत होतो, वर बघायचं धाडस झालं नाही.

ते पाणी तू घालायचं होतंस.